खडीच का? खानापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

खानापूरकर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रुळांखाली खडी अंथरणं हा जुना जमाना झाला. मेट्रोसारखं काँक्रीट ओता, नाहीतर मलप्रभा नदीतले गोटे टाका, पण डोंगर फोडून खडी मशीनवाल्यांची घरं भरू नका.

गोट्यांचं आधी सांगतो. मूठभर गोटे दाबून बघा, बोटांतून सटकतात. फोडलेली कोनदार खडी मात्र एकमेकींत अडकून बसते. रेल्वे साधारण २० ते ६५ मिलिमीटरची खडी घेते ती यासाठीच. आता रूळ वेल्डिंगने सलग जोडलेले असतात. किलोमीटरभर रूळ ४० अंशांनी तापला आणि मोकळा सोडला, तर तो सुमारे ४६ सेंटीमीटर वाढेल. इथे वाढायला जागाच नाही, त्यामुळे तो जोर आत कोंडतो आणि रूळ बाजूला वाकू पाहतो. तेव्हा स्लीपरला, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांना, जागेवर धरते ती त्यांच्या मधली आणि टोकांशी रचलेली खडी. स्लीपरच्या टोकापलीकडे फूटभर खडी दिसते ना, ती सांडलेली नसते! वळणावर बाहेरच्या अंगाला ती मुद्दाम जास्त ठेवतात. तिथे गोटे टाकले तर एप्रिलच्या दुपारी काय होईल, विचार करा.

काँक्रीटचं म्हणाल तर मेट्रोचा पूल खचत नाही. जम्मू-काश्मीरमधल्या बनिहालच्या रेल्वे बोगद्यातही काँक्रीटवर रूळ आहेत, पण तिथे खाली डोंगराचा खडक आहे. आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यात रायबाग-कुडचीच्या बाजूला काळी माती. पावसात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. अशा जमिनीवरचा भराव कुठेतरी बसतोच. खाली खडी असेल तर टॅम्पिंग मशीन रूळ उचलून धरतं, त्याचे दांडे स्लीपरखाली खडी ठासतात आणि लाइन पुन्हा पातळीत येते. काँक्रीट तडकलं तर ते फोडून नव्याने ओतायचं, सुकेपर्यंत थांबायचं. तोवर मिरज-लोंढा लाइनवरच्या वाहतुकीचं काय?

लोंढ्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा. खडीतल्या फटींतून ते पाणी निघून जातं. फटी बुजल्या की सगळं बिघडतं. गोव्यातल्या मुरगाव बंदराहून येणाऱ्या मालगाड्यांतून कोळशाची भुकटी पडते, शिवाय खडी स्वतःही झिजून कच होते. मग पाणी तुंबतं आणि गाडी गेली की स्लीपरखालून चिखल उडतो. रुळांच्या कडेला राखाडी चिखलाचे शिंतोडे दिसले तर तिथली खडी चाळायला झाली म्हणून समजा. मशीनने ती उपसतात, चाळतात, चांगली तेवढी परत टाकतात. म्हणजे दरवेळी नवा डोंगर लागत नाही.

आता खडी मशीनच्या धुळीबद्दल. तुमच्या शेतातल्या पिकावर ती बसते, ही तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. पण तो भांडणाचा मुद्दा मशीनवाल्याशी आणि त्याला परवाना देणाऱ्यांशी आहे, रुळाखालच्या खडीशी नाही. फोटो असतील तर पाठवा, त्यावर वेगळं लिहितो.