मुलांना पाण्याविषयी जरूर शिकवा, फक्त पाणी दाखवू नका

आपल्या मुलांवर निसर्गसंपत्ती जपण्याचे संस्कार व्हावेत अशी आपली मनापासून इच्छा असेल, आणि तरीही त्या संस्कारांपायी घरातल्या कोणाच्याही आंघोळीत एक तांब्यासुद्धा कमी पडू नये असे वाटत असेल, तर आपल्याला इंदूरसारखे दुसरे शहर सापडणार नाही. पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. तेव्हापासून आपण सगळ्यांनी मिळून मोठ्या चिकाटीने गुण देता येतील एवढेच पर्यावरण वह्यांमध्ये शिल्लक ठेवले आहे.

सुरुवात २२ मार्चला, म्हणजे जागतिक जलदिनी करावी आणि शक्यतो त्याच संध्याकाळी समाप्ती करावी. रंगपंचमी याच सुमारास येते. राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघालेली असताना आणि टँकरमधले रंगीत पाणी चार-चार मजले उंच उडत असताना हा विषय काढणे असभ्यपणाचे दिसेल, म्हणून धडा दोन दिवस पुढे ढकलला तरी चालतो.

आता मुख्य गोष्ट. ‘पाणी नळातून येते’ हे वाक्य मुलांना लहानपणीच पाठ करून द्यावे. एखाद्या चौकस मुलाने ‘नळात कुठून येते?’ असे विचारलेच, तर ‘गच्चीवरच्या टाकीतून’ असे सांगून त्याला पोहे-जिलेबीकडे वळवावे. जलूद या गावाचे नाव मात्र घरात चुकूनही निघता कामा नये. हे गाव मंडलेश्वरजवळ, नर्मदेच्या काठी आहे. तिथून पाणी उपसून सुमारे सत्तर किलोमीटर लांब आणि विंध्याचा चढ चढवून इंदुरात आणावे लागते. नदीचे पात्र आणि आपली मोरी यांच्या उंचीत सुमारे चारशे मीटरचे अंतर आहे. नववीच्या मुलाला हे आकडे मिळाले, तर तो विज्ञानाच्या वहीत गणित मांडून बसेल: हजार लिटरची एक टाकी चारशे मीटर वर न्यायची, पंपात आणि नळात काहीही वाया जात नाही असे समजायचे, तरीही एका युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. मग आपण गाडी धुताना तो दारात उभा राहून युनिटे मोजेल. स्वयंपाकघरात आरओ यंत्र लिटरभर पाणी शुद्ध करताना दोन-तीन लिटर ओट्याखालच्या नळीतून सोडून देते, तिथे तर त्याला उभेच करू नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांवरही लक्ष ठेवावे लागते. नर्मदेचे पाणी शहराला मिळावे म्हणून १९७० साली इंदूरकर रस्त्यावर उतरले होते आणि प्रत्यक्ष पाणी १९७८ मध्ये आले. त्याआधी यशवंत सागर आणि बिलावली या तलावांच्या भरवशावर दिवस कसे काढले, हे सांगणारी एखादी आजी अजून आपल्या घरात असू शकते. तिला उन्हाळ्यात पहाटे हंडे घेऊन लावलेल्या रांगेची आठवण झाली, की टीव्हीचा आवाज वाढवावा.

सहल काढायचीच असेल, तर वॉटर पार्कला काढावी. सिरपूरचा तलाव आणि यशवंत सागर यांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाला, हे वाक्य स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करून घ्यावे आणि तिथेच थांबावे. हिवाळ्यात सकाळी सिरपूरला नेलेले मूल पक्षी पाहता पाहता ‘या तलावात पाणी कोणत्या बाजूने येते?’ असे विचारू लागते, हा माझा अनुभव आहे. त्या बाजूला इमारती उभ्या राहात असतील, तर मोठ्या माणसाची अडचण होते.

सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे चित्रकला स्पर्धा. आमच्या मंडळाच्या स्पर्धेत गेल्या वर्षी मी परीक्षक होतो. विषय अर्थातच ‘जल हेच जीवन’. पहिला क्रमांक थर्माकोलवर चिकटवलेल्या, डोळ्यांतून अश्रू गाळणाऱ्या थेंबाला एकमताने मिळाला. सहावीतल्या एका मुलीने मात्र घोषणा न लिहिता नुसती एक रेघ काढली होती. रेघ तिच्या घरातल्या मोरीपासून निघत होती, शहरातून वाहणाऱ्या कान्ह नदीत शिरत होती, पुढे उज्जैनचे शिखर, मग चंबळेतली सुसर, मग यमुना, गंगा, आणि कागदाच्या उजव्या कडेला निळा समुद्र. नर्मदेचे पाणी पश्चिमेला अरबी समुद्रात जाते हे चौथीतले पोरही सांगेल, असे म्हणून मी त्या समुद्रावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले आणि पाच गुण कापले.

बक्षीस समारंभानंतर ती जवळ आली आणि म्हणाली, ‘काका, यात चूक कुठे आहे?’ परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, असे मी तिला समजावले. रात्री जुना नकाशासंग्रह काढून बोट फिरवले. कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. पश्चिमेला निघालेली नर्मदा आम्ही डोंगर चढवून घरात आणतो, तिच्याने भांडी घासतो आणि बंगालच्या उपसागराच्या वाटेला लावतो. पन्नास वर्षे इंदुरात राहून हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

निकाल अर्थातच बदललेला नाही, कारण प्रमाणपत्रे लॅमिनेट झाली होती. यंदाच्या नियमावलीत मात्र मी दोन कलमे घालून घेतली आहेत: प्रत्येक चित्रावर घोषणा असणे अनिवार्य आहे, आणि नकाशे स्वीकारले जाणार नाहीत.