कुकरचं हँडल

सोलापूरकराला उष्णतेचं कौतुक सांगू नये. मे महिन्यात पारा ४३ वर गेला तरी आम्ही ‘जरा गरम हाय आज’ एवढंच म्हणतो आणि कडक भाकरीवर शेंगाचटणी घेतो. त्यामुळे सायकलच्या चाकाला ऊब सोसत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर मी हसलोच असतो.

चाकं कार्बनची. सेकंडहँड. किंमत घरात अर्धी सांगितली होती, ती ऐकूनही बायकोनं पंखा वाढवला.

पहाटे तुळजापूर गाठलं, आईचं दर्शन घेतलं आणि घाट उतरायला लागलो. मी ८८ किलो. सायकल, बाटल्या आणि प्रसाद धरून शंभर. एवढा ऐवज फक्त १०० मीटर खाली उतरला तरी ९८ किलोज्यूल ऊर्जा सुटते, म्हणजे तीन छोटे कप पाणी उकळेल इतकी. (हा हिशेब नंतरचा. घाटात मी फक्त रामरक्षा म्हणत होतो.) धीट माणसाची बरीचशी ऊर्जा वारा खातो. मी ब्रेक धरूनच उतरत होतो, त्यामुळे वारा उपाशी आणि रिम गरम.

तिसऱ्या वळणावर ब्रेक टकटक करायला लागला. मग वास आला. ओळखीचा. कुकरचं हँडल शेगडीवर कलंडल्यावर येतो तो. थांबलो. रिमच्या कडेला गांधील चावल्यासारखा फुगवटा. बोट लावून पाहिलं, आणि आणखी एक फुगवटा मिळाला.

कांद्याच्या टेम्पोतून सोलापुरात आलो. बायको स्कूटी घेऊन थेट दुकानात हजर.

“काका, ब्रेक काय धरून बसायचा असतोय व्हय?” मिस्त्रीनं ब्रेकचे रबर काढले. जुन्या चाकांचेच होते. त्यात रुतलेले अ‍ॅल्युमिनियमचे चकाकते कण त्यानं टाचणीनं एकेक उकरून माझ्या तळहातावर ठेवले. “कार्बनला रबर वेगळे लागतात ओ.”

मग शिकवणी. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे पातेलं, आच सगळीकडे पसरते. कार्बनमध्ये ती जिथल्या तिथे साचते. कार्बनच्या धाग्यांना काही होत नाही, पण त्यांना धरून ठेवणारं रेझिन तापून मऊ पडतं, आणि ट्यूबमधली हवा रिमची कड बाहेर ढकलते. “वळणाच्या आधी कचकन दाबायचं, सोडायचं. वारा लागू द्यायचा. पुन्हा दाबायचं.”

“आता हे चाक?” मी.

“भिंतीला लावा. एवढ्या पैशांत वहिनींना दुसरी स्कूटी आली असती.” आणि त्यानं आकडा सांगितला. पूर्ण.

परतताना स्कूटी तिच्याकडे होती. सात रस्त्यापर्यंत तिनं एकदाही ब्रेक दाबला नाही.