खुलासा: पी75 म्हणजे मरणाचं बटण नाही

"नस (मज्जातंतू) कापली की मोटर न्यूरॉनवर (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीवर) पी75 नावाचा रिसेप्टर (पेशीवरचं, संकेत पकडणारं प्रथिन) उगवतो आणि पेशी मरते, तो ब्लॉक केला की नस परत जुळते" असा मेसेज फिरतोय, अर्धवट आहे, कृपया पुढे पाठवू नका.

इजेनंतर पी75 वाढतो हे खरं, पण प्रौढ उंदरांमध्ये चेहऱ्याची नस कापली तरी बहुतेक मोटर न्यूरॉन जगतात, पी75 वाढलेला असूनही! नवजात पिल्लांत मात्र तीच इजा झाली की बरेच मरतात, आणि 1992 मध्ये दिसलं की कापलेल्या टोकाला बीडीएनएफ (चेतापेशींना जगवणारं प्रथिन) दिलं तर त्यातले पुष्कळ वाचतात, ते काम मुख्यतः ट्रकबी या रिसेप्टरमधून होतं. पी75 कोणाच्या जोडीला आहे त्यावर सगळं ठरतं, सॉर्टिलिन या दुसऱ्या रिसेप्टरसोबत त्यानं प्रो-एनजीएफ (एनजीएफ या वाढीच्या प्रथिनाचं कच्चं रूप) पकडला तर पेशी मरू शकते, ट्रकबीसारख्या 'ट्रक' गटातल्या रिसेप्टरच्या सोबतीत तोच पी75 जगायला मदत करतो.

आणि पेशी वाचली म्हणजे हात हलला असं नाही हो, हाताच्या नसेची पेशी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असते, तिचा तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, कोपरापासून अंगठ्यापर्यंत यायला कित्येक महिने लागतात. नस तुटली असेल तर अशा मेसेजच्या भरवशावर थांबू नका, सर्जनला लवकर दाखवा. ज्या ग्रुपवर टाकलाय तिथेच हे पण टाका.