भर दुपारी इझाकायात

परवा आईला व्हॉट्सअ‍ॅपवर जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवला. आधी उत्तर आलं, "बांगडा छान दिसतोय." दोन मिनिटांनी दुसरं, "मागे एवढ्या बाटल्या कसल्या रे?"

बाटल्या साकेच्या आणि शोचूच्या, म्हणजे जपानी दारूच्या. मी इझाकायात बसलो होतो. दुपारी सव्वाबाराला, ऑफिसच्या दिवशी, पूर्ण शुद्धीत.

इझाकाया म्हणजे मुळात जिथे बसून प्यायची सोय आहे असं दारूचं दुकान. जपानच्या एडो काळापासूनची (सतरावं ते एकोणिसावं शतक) ही पद्धत. मीही त्याकडे तसंच बघायचो. राहतो टोकियोत, निशी-कासाईत, जिथे कढीपत्त्यापासून कोकमापर्यंत सगळं मिळतं. त्यामुळे दुपारी घरचा डबा, नाहीतर कोम्बिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली, ओनिगिरी (भाताचा गोळा). पहिल्यांदा इझाकायात गेलो ते रात्री, टीमबरोबर. न मागवता समोर वाटीभर काहीतरी आलं आणि बिलात माणशी ४०० येन लागले. ओतोशी म्हणतात त्याला, थोडक्यात बसल्याचं भाडं. त्या दिवसापासून इझाकाया म्हणजे खिशाला चाट, हे डोक्यात पक्कं बसलं.

मग ऑफिस टोकियोतच शिम्बाशीला हललं. स्टेशनसमोरच्या चौकात जुनं वाफेचं इंजिन उभं आहे, तिथून आत शिरलं की गल्लोगल्ली इझाकाया. रात्री तिथे टाय सैल केलेल्या नोकरदारांचा कल्ला असतो. पण दुपारी साडेअकराला त्याच दारांवर नोरेन, म्हणजे कापडी पडदा, लागतो आणि बाहेरच्या फळ्यावर तीन-चार जेवणं लिहिलेली दिसतात. काराआगे (तळलेलं चिकन), साशिमी (कच्च्या माशाचे काप), भाजलेला साबा मासा आणि 'हिगावारी', म्हणजे आज जे असेल ते. सगळं हजार येनच्या आसपास. मी साबा मागवला. ९५० येन, कर धरून. आपले साधारण साडेपाचशे रुपये.

पाच मिनिटांत ताट हजर. वाफाळता भात, मिसो सूप, काकडीचं खारवलेलं लोणचं, टोफूचा एक तुकडा आणि मधोमध साबाची अर्धी फाक. साबा हा आपल्या बांगड्याचा धिप्पाड चुलतभाऊ. नुसतं मीठ लावून भाजलेला, बाजूला किसलेल्या मुळ्याचा गोळा आणि लिंबाची फोड. मी रत्नागिरीचा. तिरफळ, हळद, लाल तिखट यातलं काहीच न लावलेला मासा बघून माझी पहिली प्रतिक्रिया 'आजारी माणसाचं जेवण' अशीच होती. पण कातडी कुरकुरीत आणि आतून तेल सुटत होतं. त्या तेलकटपणावर मुळ्याचा किस सोया सॉस घालून खाल्ला की घास एकदम हलका होतो. आपण सोलकढीकडून जे काम करून घेतो, तेच इथे मुळा करतो. (गंमत म्हणजे इथल्या ताटांतला बराचसा साबा येतो नॉर्वेहून.)

काटे मात्र चॉपस्टिकने काढायचे. शेजारच्या आजोबांच्या बशीत शेवटी फक्त स्वच्छ सांगाडा उरला होता. माझ्या बशीत अपघातस्थळ.

हे एवढ्यात परवडतं कसं, हा प्रश्न कुणालाही पडेल. रात्रीसाठी जागेचं भाडं भरायचंच असतं, मासे आणायचेच असतात, आचारी तोच. दुपारी दोन तास दार उघडलं की माल फिरतो आणि ओळखीचं झालेलं गिऱ्हाईक संध्याकाळी प्यायला येतं. खरी कमाई बिअरवर. म्हणजे माझ्या साबाचे थोडे पैसे रात्री पिणारे लोक भरतात. त्यांचं भलं होवो. दुपारी ओतोशीही नाही.

मी जातो त्या इझाकायात भाताची ओकावारी, म्हणजे पुन्हा वाढून घेणं, फुकट आहे. २०२५ मध्ये तांदूळ भडकला, पाच किलोची पिशवी ४,००० येनच्या वर गेली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ही सोय बंद झाली किंवा पैसे लागू लागले. मला त्यात गैर वाटत नाही. 'अनलिमिटेड' थाळीत आमटीचं पाणी करण्यापेक्षा दुसऱ्या वाटीचे शंभर येन घ्या.

शाकाहारी मित्रांना मात्र खोटी आशा दाखवणार नाही. मिसो सूपमधली दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, बहुतेकदा कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाची असते. ताटातला मासा बाजूला सारलात तरी सूपमधून तो गाठतोच. बायको शाकाहारी आहे, ती एकदा आली आणि भात-लोणचं खाऊन उठली. परत येणार नाही म्हणते. बरोबर आहे तिचं.

बाकीच्यांसाठी एवढंच. "जपान महाग आहे" म्हणत रोज पनीर आणि नान खाऊ नका, ते सेटही बहुतेक ठिकाणी हजारालाच पडतात. साडेअकराला पोहोचा, बाराला रांग लागते. एकटे जा. काउंटरवर बसा, जेवा, उठा. बाहेर माणसं उभी असताना गप्पा मारत बसायची ही जागा नाही. सिगारेटच्या धुराची भीती असेल, तर २०२० च्या एप्रिलपासून नियम कडक झालेत. तरी दारावरची पाटी बघून घ्या.

आईला हे सगळं फोनवर समजावलं. तिला पटत आलं होतं. मग विचारलंन, "उद्या काय आहे तिथे?"

गुरुवारी तिथे छोट्या बांगड्यासारखा एक मासा तळून देतात. त्याचं नाव अजि, पण फोनवर आजीच ऐकू येतं. मी सांगितलं, "अजि फ्राय."

तिने बाबांना हाक मारली.