हडप्पाच्या हंडीत काय शिजायचं?

गेल्या आठवड्यात पुतण्याच्या डब्यातून उकडलेलं अंडं गायब झालं. सात वर्षांचं पोर, अंगानं काडी, रोज एक अंडं द्या असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. वहिनीला विचारलं, तर तिनं मोबाइल पुढे केला. मावशीनं घरच्या ग्रुपवर टाकलेलं ‘सिंधू संस्कृतीच्या यशाची पाच रहस्ये’. पहिलं रहस्य, हडप्पाचे लोक शुद्ध शाकाहारी होते म्हणून बुद्धीनं तल्लख होते. पुढची चार: त्यांच्याकडे शस्त्रं नव्हती, इजिप्त-मेसोपोटेमियानं सगळं आपल्याकडून उचललं, मोहेंजोदडो अणुबॉम्बनं संपलं आणि घरोघरी फ्लशचे संडास होते.

आधी अंड्याचं बघू. मातीच्या भांड्यात अन्न शिजलं की त्यातली चरबी खापरात मुरते आणि हजारो वर्षं टिकते. पुरातत्त्वज्ञ अक्षयेता सूर्यनारायण आणि सहकाऱ्यांनी राखीगढी, फरमाणा, आलमगीरपूर अशा हरियाणा-उत्तर प्रदेशातल्या हडप्पाकालीन ठिकाणची 172 खापरं तपासली. ‘जर्नल ऑफ आर्किऑलॉजिकल सायन्स’मध्ये हा अभ्यास आला आहे, कुणीही काढून वाचावा. बहुतेक भांड्यांत प्राण्यांची चरबी निघाली. डुकराची असावी अशी, गाई-म्हशींची, शेळ्या-मेंढ्यांची. दुधाचा अंश तिथे फारसा नव्हता, हे आणखी एक. (गुजरातेत कोटडा भडलीच्या खापरांत मात्र दूध सापडलं. सगळा मुलूख एकच जेवत नव्हता.) उत्खननातली हाडं पाहिली तर पाळीव जनावरांत निम्म्याहून जास्त गुरांची. आणि खुद्द हडप्पाला, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, समुद्रातल्या माशांची हाडं मिळाली आहेत. ताजे तर पोचले नसणार. म्हणजे सुकी मासळी तेव्हाही गाडीत बसून घाटावर जात होती!

आता एवढं मान्य करतो की रोजचं पोट धान्यावरच भरत असणार. वनस्पतींचं तेल खापरात तितकं टिकत नाही, त्यामुळे मांसाचा हिस्सा जास्त वाटू शकतो. हिवाळ्यात गहू-जव, काही भागांत पावसाळ्यात भरडधान्यं आणि भात, जोडीला मसूर, वाटाणा. दोन हंगाम वेगवेगळी पिकं घेतली की एक बुडालं तरी दुसरं हाताशी राहतं. यशाचं कारण हवं तर हे घ्या. ‘शुद्ध’ हा शब्द मात्र परत घ्या.

शस्त्रं नव्हती म्हणे. तांब्याचे भाले आणि बाणांची टोकं सापडली आहेत, कच्छमधल्या धोलावीराला जाडजूड तटबंदी आहे. युद्धाची चित्रं आणि राजांचे भव्य पुतळे मिळत नाहीत, इतपत खरं.

इजिप्त-मेसोपोटेमियाला फार वेळ देत नाही. हडप्पाची शहरं भरात होती इ.स.पू. 2600 ते 1900. मेसोपोटेमियातलं लेखन त्याच्या पाचसहाशे वर्षं आधीचं. खरी गंमत व्यापारात आहे. मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात, अशी फुशारकी मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सारगॉन मारतो, आणि मेलुहा म्हणजे बहुतेक आपलाच सिंधूकाठ. तिथल्याच ऊर शहराच्या राजथडग्यांत इथले लांब लालबुंद अकीकाचे मणी मिळाले. हे सांगायला पुरेसं अभिमानाचं नाही का?

अणुबॉम्ब! मोहेंजोदडोला चाळीसेक सांगाडे मिळाले, तेही एकाच दिवशी मेलेल्यांचे नाहीत. बाहेरून आलेल्यांनी तिथे कत्तल केली ही कथा पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी 1964 मध्येच मोडीत काढली, बॉम्ब तर लांबच. विटांच्या भिंती आजही उभ्या आहेत. पाऊस कमी होत गेला, नद्या बदलल्या, लोक शहरं सोडून लहान गावांकडे पांगले. त्या उत्तरकाळाच्या खुणा आपल्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादलाही आहेत.

राहिला संडास, आणि इथे मला नाइलाजानं मान डोलवावी लागते. मोहेंजोदडोला बहुतेक घरांत न्हाणीघर होतं, विहिरी शेकड्यांनी होत्या, गल्लीतून विटांची झाकलेली गटारं जात होती. आजच्यासारखा फ्लश नव्हता. सांडपाणी गाळखड्ड्यात किंवा मोठ्या रांजणात पडायचं, गाळ तळाशी बसायचा. गटारावरची झाकणं उचलता येतील अशी ठेवलेली होती. म्हणजे कुणीतरी ती उचलून, वाकून, गाळ उपसत होतं. एका वर्षी नाही, पिढ्यानुपिढ्या. विटा 1:2:4 या मापाच्या, शेकडो मैलांवरच्या गावांतही त्याच. वजनं चौकोनी दगडाची, लहान वजनांत प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, आणि सर्वांत जास्त सापडणारं साधारण 13.7 ग्रॅमचं, तोळ्याहून थोडं जड. गुजरातेतल्या लोथलच्या मणीवाल्याला आणि हडप्पाच्या व्यापाऱ्याला एकमेकांचा तराजू चालत होता. मावशीच्या पाच रहस्यांत हा मणीवाला नाही, गाळ उपसणारा तर नाहीच.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मावशीनं नमस्काराचे दोन हात पाठवले. वहिनीनं मात्र शेवटपर्यंत वाचलं आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “डुकराचं राहू द्या भाऊजी, उद्यापासून अंडं देते.”