‘पकडलं की डीएनए’ : फॉरवर्ड अर्धाच खरा आहे

विजयनगरच्या कोर्टाबाहेर चहा घेताना माझ्या एका पक्षकारानं मोबाईल पुढं केला. “साहेब, आता काय खरं नाही.” मेसेज असा : ‘नवीन कायदा! कुठल्याही केसमध्ये पकडलं की पोलीस डीएनए घेणार. नाही म्हणता येणार नाही. देशाच्या डीएनए बँकेत ७५ वर्षं राहणार, निर्दोष सुटलात तरी. डीएनए खोटं बोलत नाही, आता गुन्हेगार सुटणं अशक्य.’ सांगलीतल्या निम्म्या ग्रुपवर हा फिरतोय.

पक्षकाराची केस म्हणजे बांधावरून भावकीत झालेली हाणामारी. दंगलीचं कलम लागलंय, शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

कायदा नवीन म्हणावा तर तो २०२२ चा, फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टपासून लागू. त्यात आरोपी आणि शिक्षा झालेला माणूस यांत फरक केलाय आणि मेसेजनं नेमका तोच पुसून टाकलाय. अटक झालेल्याला बोटांचे ठसे, फोटो द्यावे लागतात. रक्त, लाळ अशा जैविक नमुन्यांची मात्र सक्ती नाही. अपवाद दोन : गुन्हा बाईविरुद्ध किंवा मुलाविरुद्ध असेल, नाहीतर त्याला सात वर्षं किंवा जास्त शिक्षा असेल. म्हणजे भांडणात समोरच्या बाईला लागलं असतं, तर माझ्या पक्षकाराची गोष्ट वेगळी झाली असती.

शिक्षा झालेल्याला ही सूट नाही. १९२० च्या जुन्या कायद्यात निदान वर्षभराच्या सक्तमजुरीचा गुन्हा असावा लागे, आणि तेव्हा प्रश्न फक्त मापं, ठसे, फोटोंचा होता. आता कुठल्याही कायद्याखालचा कुठलाही गुन्हा चालतो. दोष किरकोळ गुन्ह्यात सिद्ध झाला तरी पोलीस जैविक नमुना मागू शकतात. मला विचाराल तर आरडाओरडा यावर व्हायला हवा होता. मेसेजमध्ये यावर अक्षर नाही.

ज्यांना सूट नाही त्यांनी नकार दिला तर तो सरकारी कामात अडथळा ठरतो. ‘स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही’ हा मुद्दा आमच्यातले काही जण अजून हौसेनं मांडतात, पण ठसे देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी काथी कालू ओघड खटल्यात १९६१ सालीच सांगून ठेवलंय.

डीएनए बँकेचा कायदा झालेलाच नाही. त्यासाठीचं २०१९ चं विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडं गेलं आणि जुलै २०२३ मध्ये सरकारनं मागं घेतलं. नोंदी राहतात त्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं, आणि ७५ वर्षं हा आकडा खरा आहे. निर्दोष सुटलेल्याची नोंद मात्र नष्ट करायची असते. अपिलं संपलेली हवीत, आधीची शिक्षा नको आणि कोर्टानं वेगळा आदेश दिलेला नको. फक्त ती आपोआप पुसली जाईल या भरवशावर राहू नका. नोडल अधिकाऱ्याकडं, म्हणजे या कामासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, मागणी करावी लागते, आणि सुटल्याच्या आनंदात हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

राहिलं ‘खोटं बोलत नाही’. डीएनए कुणाचा, एवढंच कळतं. तो तिथं कधी आणि कसा आला, हे कळत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये कितीतरी वर्षं चाळीसेक गुन्ह्यांच्या जागी एकाच बाईचा डीएनए सापडत होता, त्यात जर्मनीतल्या हाइलब्रॉनमधल्या पोलीस बाईचा खूनही होता. २००९ मध्ये उलगडा झाला : नमुना घ्यायचे कापसाचे बोळेच कारखान्यातल्या एका कामगार बाईच्या हातून दूषित झाले होते. आपल्याकडं दिल्लीच्या छावला बलात्कार-खून खटल्यात २०२२ मध्ये तिघे आरोपी सुटले. नमुने दहाहून जास्त दिवस पोलिसांच्या मालखान्यात, म्हणजे जप्त वस्तूंच्या कोठीत, पडून होते, हे त्यामागचं एक कारण. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायला सांगितलंय, तो हातोहात कुणाकडं गेला याच्या नोंदीसकट. जतहून निघालेली सीलबंद बाटली मध्ये कुठं किती दिवस थांबली, उलटतपासात माझा पहिला प्रश्न तोच असतो.

चहा संपला. “मग मी काय करू?” पक्षकारानं विचारलं.

“ठसे दे. रक्त मागितलं तर आधी मला फोन कर.”