‘लागलं नाही ना तुम्हाला? मग?’

मंगळवारी सकाळी सायकलवरून कामाला निघालो होतो. रस्ता अरुंद, त्यात कडेला गाड्या लावलेल्या. मागून एक कार आली, हॉर्न वाजला आणि मी मान वळवायच्या आत ती कट मारून पुढे गेली. तिचा आरसा माझ्या कोपरापासून जेमतेम वीतभर अंतरावरून गेला. इंजिनाची गरम झळ पोटरीला लागली. मी पडलो नाही. पण पुढची दोन मिनिटं हँडलवरची बोटं थरथरत होती आणि पॅडल मारताना गुडघ्यात जोर येत नव्हता.

पुढच्या सिग्नलला तीच कार उभी होती. शेजारी जाऊन काचेवर टकटक केलं. आत साधारण माझ्याच वयाचा माणूस, मागच्या सीटवर गणवेशातला मुलगा. म्हटलं, “दादा, फार जवळून गेलात हो.” त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “लागलं नाही ना तुम्हाला? मग?”

आवाजात गुर्मी नव्हती, मस्ती नव्हती. माझी तक्रार नेमकी काय आहे हे त्यांना खरोखर कळत नव्हतं. मी तोंड उघडणार तोच सिग्नल सुटला आणि ते गेले.

चार दिवस झाले, ते ‘मग?’ डोक्यातून जात नाही. काचेपाशी सांगायचं राहिलं ते इथे लिहितोय. त्यांच्यापर्यंत पोहोचेल न पोहोचेल. पण आठवड्यातले दोन दिवस मीही कार चालवतो, त्यामुळे हे मलाही तितकंच लागू आहे.

दादा, सायकल सरळ रेषेत चालत नाही. चालूच शकत नाही. ती दोन चाकांवर तोलून राहते, कारण चालवणारा हँडल सतत किंचित इकडे, किंचित तिकडे वळवत असतो. ती एकीकडे कलली की चाक त्याच बाजूला जरा वळवायचं, म्हणजे सायकल पुन्हा सरळ होते. हे इतकं सवयीचं असतं की आम्हालाही जाणवत नाही. वेग जितका कमी तितकं हे डुलणं जास्त. म्हणून चढावर, सिग्नलवरून निघताना किंवा मागे ओझं असताना सायकल वितभर इकडेतिकडे होणारच. त्यात समोर खड्डा, फुटलेली काच, गटाराची जाळी. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असल्या तर त्यांच्या फटीत चाक अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. ती चुकवायला मला हातभर बाजूला यावंच लागतं. तुम्ही सोडलेली वीतभर जागा त्या क्षणी मी सरळ होतो म्हणून पुरली. ‘लागलं नाही’ यात तुमचा अंदाज बरोबर होता असं काही नाही. समोर खड्डा नव्हता, एवढंच.

जर्मनीत 2020 पासून कायद्यातच लिहिलंय की सायकलला ओव्हरटेक करताना वस्तीत किमान दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं. दीड मीटर म्हणजे सायकल आडवी पडली तरी पडणाऱ्याचं डोकं तुमच्या चाकाखाली येणार नाही, साधारण एवढी जागा. आणि तेवढी जागा नसेल तर? तर मागे थांबायचं. भांडण खरं इथेच आहे. मागे थांबणं आपल्याला अपमानासारखं वाटतं.

मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू. कारमध्ये बसलो आणि पुढे सायकल आली की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर चुळबुळ करायचा. ‘कडेला घे ना जरा’ असं पुटपुटायचो. सायकल चालवणारा असूनही! काचा बंद, आत गाणी चालू, त्यात समोरचा माणूस माणूस राहत नाही, अडथळा होतो. मग एकदा हिशेब मांडला. चारशे मीटर रस्ताभर मला सायकलमागे राहावं लागलं, तेही ताशी 18 किलोमीटरने, तर 80 सेकंद लागतात. ताशी 40 ने गेलो असतो तर 36. फरक 44 सेकंदांचा. आणि ते 44 सेकंदही हातात राहत नाहीत, पुढच्या लाल सिग्नलला परत जातात. मंगळवारी तुम्ही मला मागे टाकलंत आणि सिग्नलला मी तुमच्या काचेशी होतोच की!

आता माझ्या बाजूच्यांचं. रात्री दिव्याशिवाय सायकल चालवणारे, उलट्या दिशेने येणारे, कानात इअरफोन घालून मागचं काही ऐकू न घेणारे, हात न दाखवता वळणारे, सिग्नल तोडून झेब्रा क्रॉसिंगवरच्या माणसांमधून वाट काढणारे, सगळे आहेत. पावसाळी रात्री अंधारातून अचानक विनादिव्याची सायकल समोर आली की कारमधल्या माणसाच्या काळजात कसं धस्स होतं ते मी अनुभवलंय. त्याचा राग खोटा नसतो. कुणी आपल्या गाडीखाली येऊन मरावं असं कुणालाच वाटत नाही, आणि जे आपल्या हातून होता होता राहिलं त्याची भीती रागाच्या रूपाने बाहेर पडते. झेब्रा क्रॉसिंगवर म्हाताऱ्या माणसाला दचकवणारा सायकलवाला त्याच्याशी तेच करत असतो जे कारवाल्याने माझ्याशी केलं. तिथे सायकलवाल्याची बाजू मी घेणार नाही.

पण ‘दोघेही चुकतात’ म्हणून हात झटकून मोकळं होणं मला पटत नाही. बाराशे किलोची कार ताशी 50 ने चालली आहे आणि सायकल, तीवर बसलेला माणूस धरून पंचाऐंशी किलो, ताशी 18 ने. वजनाचा फरक चौदापट, आणि धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. हिशेब केला तर कारमधली ती ताकद शंभरपटीहून जास्त भरते. माझ्या चुकीने तुमचा दरवाजा चेमटेल. तुमच्या चुकीने मी घरी येणार नाही. ब्रिटनने जानेवारी 2022 मध्ये वाहतुकीच्या नियमावलीत नेमकं हेच घातलं: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते, त्याने जास्त काळजी घ्यायची. त्या क्रमात ट्रकवाला कारवाल्याआधी, कारवाला सायकलवाल्याआधी आणि सायकलवाला पायी चालणाऱ्याआधी येतो. मला हा क्रम अगदी न्याय्य वाटतो, माझ्यावर जबाबदारी टाकतो तिथेसुद्धा.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2019 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. माकडापासून माणसापर्यंतची किंवा किड्यापासून माणसापर्यंतची चित्रं ओळीने दाखवली आणि विचारलं, सायकल चालवणारे यात कुठे बसतात? सायकल न चालवणाऱ्यांपैकी 55 टक्के लोकांनी त्यांना पूर्ण माणसाच्या अलीकडे बसवलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो. मग आपलीच भाषा ऐकू यायला लागली. ‘सायकलवाला मध्ये आला.’ जणू कार तिच्या वाटेने चालली होती आणि तो कुठून तरी टपकला. आणि आम्हीही तेच करतो, ‘कारवाले माजलेत’ म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरतो. पोत्यात भरलं की समोरच्याचा चेहरा दिसायचा बंद होतो. मागच्या सीटवरचा तुमचा मुलगा मला काच खाली केल्यावरच दिसला ना.

दोन वर्षांपूर्वी मी एका उघडलेल्या दारावर आदळलो होतो. कडेला उभ्या कारचं मागचं दार धाडकन उघडलं, ब्रेक दाबायलाही वेळ मिळाला नाही. खांद्यावर पडलो. गळ्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात झोळीत. दार उघडणारी मुलगी कॉलेजातली होती. ती माझ्या शेजारी रस्त्यावर बसून रडत होती आणि सारखं म्हणत होती, “काका, मी पाहिलंच नाही हो.” ती खरंच बोलत होती. पाहायचं असतं हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ड्रायव्हिंग शिकवताना गिअर, क्लच, रिव्हर्स सगळं शिकवतात, गाडीतून उतरायचं कसं हे नाही. दाराच्या जवळच्या हाताने दार उघडू नका, लांबच्या हाताने उघडा. हात ओलांडून न्यायचा म्हटलं की खांदा फिरतो, खांद्याबरोबर मान फिरते आणि मागून येणारा दिसतो. नेदरलँड्समध्ये ही जुनी सवय आहे, ब्रिटनच्या त्याच नियमावलीतही ती आहे. आमच्या घरी आता सगळे असंच दार उघडतात. माझ्या आईनेसुद्धा वयाच्या सत्तराव्या वर्षी ही सवय लावून घेतली.

नेदरलँड्सचं नाव निघालं की लोक म्हणतात, त्यांचं वेगळं आहे हो, त्यांच्या रक्तातच सायकल. तसं नाही. 1971 साली त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर सुमारे 3300 माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. युद्धानंतर तिथेही कार वाढल्या, रस्ते रुंद झाले, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने 1972 मध्ये लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता ‘मुलांचे खून थांबवा’. त्याच नावाने आंदोलन उभं राहिलं, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले. पुढे 1973 च्या तेलटंचाईने विषय आणखी पेटला. आज तिथे दिसणारे सायकलींचे वेगळे मार्ग त्यानंतरच्या कित्येक वर्षांच्या मागण्यांतून आलेत. वेगळा मार्ग असला की माझा स्वभाव बदलावा लागत नाही, तुमचाही नाही. आपण एकमेकांसमोर येतच नाही. रस्ता बांधणाऱ्यांनी न सोडलेली जागा आपण दोघं एकमेकांकडून हिसकावत बसतो, आणि हॉर्न मात्र एकमेकांवर वाजवतो.

तसा मार्ग होईपर्यंत मात्र रस्ता हाच आणि त्यावर आपण दोघं.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. सायकल उत्तम चालवते, हात दाखवून वळते, मागे पाहून मग लेन बदलते. गेल्या महिन्यापासून तिचं टुमणं चालू आहे, शाळेत सायकलवरून जाऊ दे. मी स्वतः रोज जातो, त्यामुळे नाही म्हणायला मला तोंड नाही. मंगळवारपर्यंत हो म्हणायच्या बेतातच होतो. काल रात्री तिने परत विचारलं, “बाबा, सोमवारपासून?” मी म्हटलं, थोडं थांब. ती म्हणाली, “माझं काय चुकतंय ते सांगा, मी सुधारते.”

तिचं काहीच चुकत नाहीये, दादा.